पाण्याचा पहारा : भारतरत्न मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

हैदराबाद शहरात दोन पिढ्या काढलेल्या कोणत्याही मराठी कुटुंबास गंडिपेटचे पाणी ठाऊक नाही असे होणार नाही. हे पाणी ज्याने एकदा प्राशन केले तो कितीही दूर गेला तरी फिरून या नगरीकडे वळतो, अशी येथील लोकांची जुनी समजूत आहे. हे पाणी म्हणजे उस्मानसागर जलाशयाचे पाणी. जलाशयातून ते केवळ उताराच्या बळावर आसिफनगरपर्यंत येते. परंतु हा जलाशय मुळात तहान भागवण्यासाठी कल्पिलेला नव्हता. तो पूर अडवण्यासाठी कल्पिलेला होता. ती कल्पना ज्या पुरुषाच्या बुद्धीतून निघाली, त्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे चरित्र आमच्या विद्यार्थी वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

त्यांच्या जन्मदिनी, म्हणजे १५ सप्टेंबरला, आपल्या देशात अभियंता दिन पाळला जातो. त्या दिवशी शाळाशाळांतून त्यांच्याविषयी कितीतरी गोष्टी सांगितल्या जातात. धावत्या गाडीत बसल्या बसल्या केवळ आवाजावरून पुढचा रूळ उखडल्याचे त्यांनी ओळखले, सरकारी काम संपताच सरकारी मेणबत्ती विझवून स्वतःची पेटवली, इत्यादी. थोरांच्या भोवती अशा कथांची वेल चढतेच. आम्ही त्या कथा येथे बाजूस ठेवणार आहोत. कारण ज्या कामांविषयी शंका नाही तीच इतकी आहेत की, त्यांतली निवडक सांगतानाही पाने अपुरी पडावीत. शिवाय त्या कामांतून एक प्रश्न सतत डोके वर काढतो, आणि तो आजच्या विद्यार्थ्यांना त्यांच्या पुढील आयुष्यात टाळता येणार नाही. पाण्यावर रात्रंदिवस पहारा कोणी करावयाचा, माणसाने की यंत्राने? आणि यंत्राने करावयाचा तर मग माणसाचे काय?

विश्वेश्वरय्या यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या लहानशा खेड्यात झाला. वडील श्रीनिवासशास्त्री हे संस्कृतचे पंडित होते. घरात विद्या होती, संपत्ती नव्हती. मुलगा शाळेत असतानाच पित्याचे छत्र हरपले. पुढील शिक्षणासाठी विश्वेश्वरय्या बंगळूरला गेले आणि तेथे दुसऱ्यांच्या मुलांना शिकवून त्यांनी स्वतःचे शिक्षण पुरे केले. म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाल्यामुळे ते पुण्यास सायन्स कॉलेजात दाखल झाले. हेच पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. १८८३ साली स्थापत्याच्या परीक्षेत ते पहिले आले आणि लगोलग मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात त्यांची नेमणूक झाली. अशा रीतीने या कानडी देशीच्या तरुणाची उमेदीची चोवीस वर्षे नाशिक, धुळे, पुणे अशा आमच्या मराठी मुलखात, तसेच सुरत आणि सिंध प्रांतात गेली.

पहिले काम खानदेशातले. पांझरा नदीच्या पात्राखालून नळ टाकून पाणी एका तीरावरून दुसऱ्या तीरावर न्यावयाचे होते. पावसाळ्यात नदीने वाळू आणून टाकावी आणि माणसांनी ती उपसावी, पुन्हा नदीने आणावी, पुन्हा माणसांनी उपसावी, असा तो झगडा होता. तेवीस-चोवीस वर्षांच्या त्या तरुण अधिकाऱ्याने तो तडीस नेला. पाण्याच्या कामात माणसाचे बळ किती अपुरे पडते, याचा धडा त्यांना नोकरीच्या आरंभीच मिळाला असावा, असे आम्हांस वाटते.

सिंधमधील सक्करचे काम त्याहून बोलके आहे. सक्कर शहर सिंधू नदीच्या काठी. पाण्याला तोटा नाही, पण ते पाणी गाळाने इतके भरलेले की तसे पिववत नसे. ते गाळण्यासाठी मोठमोठी वाळूची टाकी बांधावी लागतात, त्यांतील वाळू वरचेवर काढून धुवावी लागते, आणि त्या कामावर कायमची माणसे ठेवावी लागतात. नगरपालिकेपाशी एवढा पैसा नव्हता. विश्वेश्वरय्यांनी काय करावे? त्यांनी नदीच्या पात्रातच एक विहीर खणली आणि तिला काठापर्यंत भुयार जोडले. पात्रातील वाळूच्या थरांतून झिरपत झिरपत पाणी विहिरीत आले ते निवळशंख होऊनच. मग इंजिनाने ते उंचावर चढवून शहरात सोडले. १८९५ साली ही योजना पुरी झाली. वाळू गाळण्याचे काम करते ही गोष्ट नवी नव्हती. नदीकाठचे लोक उन्हाळ्यात पात्रात झरे खणून पाणी भरतात ते याच न्यायाने. परंतु ज्या कामाला रोज माणसे लागली असती ते नदीकडूनच करून घ्यावे, ही दृष्टी मात्र त्यांची. ही दृष्टी पुढे त्यांच्या बहुतेक कामांत दिसते.

१८९९ च्या सुमारास ते पुण्यास आले आणि कालव्यांचा कारभार त्यांच्याकडे आला. कालव्याचे पाणी शेतकऱ्यांस देण्याचे काम पाटकरी करीत. कोणाच्या शेतात किती वेळ पाणी सोडावयाचे हे हाती असलेल्या माणसाकडे गावात कोणत्या नजरेने पाहिले जाते, हे कालव्याच्या मुलखातील वाचकांना सांगावयास नको. वरच्या अंगाची शेते पाण्याने तुडुंब, उसाखाली जमीन चिबडून चाललेली, आणि खालच्या अंगाची शेते कोरडी. अशा स्थितीत विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धती सुरू केली. ठराविक क्षेत्राचे गट पाडावे, प्रत्येक गटात ऊस, भात आणि कमी पाण्याची कोरडी पिके यांना वाटा नेमून द्यावा, पिकांचा फेरपालट करावा आणि पाण्याची हमी अनेक वर्षांची द्यावी, अशी तिची साधारण रचना होती. आरंभी शेतकऱ्यांनी तिला विरोध केला, कारण हवे तेव्हा हवे तेवढे पाणी घेण्याची मोकळीक जाणार होती. पण हमीचे पाणी म्हणजे काय हे कळू लागले तसतसा विरोध मावळला. येथे यंत्र कोणतेच नव्हते. होता तो केवळ नियम. परंतु नियमही एक प्रकारचे यंत्रच आहे. पाटकऱ्याच्या मर्जीवर जे चालत होते, ते आता वेळापत्रकावर चालू लागले. पाटकरी मात्र गेला नाही. वेळापत्रक पाळण्यासाठी तोच लागत होता, आणि आता त्याला अक्षर-ओळख व हिशेब यांची गरज पूर्वीपेक्षा अधिक भासू लागली.

आता ज्या कामाने त्यांचे नाव जगभर झाले त्याकडे वळू. पुण्याजवळ मुठा नदीवर खडकवासल्याचे जुने धरण होते. त्याच्या जलाशयाला त्या काळी फाइफ तलाव म्हणत. पुणे शहराला आणि लष्कराला पाणी तेथूनच मिळे, कालवेही तेथूनच निघत. पाण्याची गरज वाढत चालली होती. धरणाची भिंत उंच करावी तर खर्च मोठा, आणि जुन्या भिंतीवर अधिक भार पडण्याची भीती. दुसऱ्या बाजूस, दर पावसाळ्यात सांडव्यावरून सहा-आठ फूट उंचीचे पाणी फुकट वाहून जात असे. हे पाणी सांडव्यावर दारे बसवून अडवता आले असते. पण अडचण अशी की, पूर आला म्हणजे ही दारे वेळेवर उघडली पाहिजेत. न उघडली तर पाणी भिंतीवरून जाईल आणि सारेच संपेल.

वाचकांनी क्षणभर तो प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. श्रावणातली रात्र आहे, सह्याद्रीवर पाऊस कोसळतो आहे, नदीचे पाणी घटकेघटकेला चढते आहे. दारे उघडावयाची तर चौकीदाराने जागे असले पाहिजे, त्याला पाण्याची पातळी अंधारात दिसली पाहिजे, त्याच्या हाताखाली चाके फिरवण्यास पुरेशी माणसे पाहिजेत, आणि त्या माणसांनी निसरड्या भिंतीवर, खाली प्रवाहाचा गडगडाट चालला असता, भिऊन पळून न जाता काम केले पाहिजे. वर्षातून अशा रात्री किती? दोन, चार. पण त्या दोन-चार रात्रींसाठी माणसे बारमास ठेवावी लागतात. आणि वर्षभर ज्याला काम नाही तो नेमक्या त्या रात्री सावध राहील याची शाश्वती कोण देणार?

विश्वेश्वरय्यांनी या प्रश्नाचे उत्तर पाण्याकडूनच मिळवले. त्यांनी दारे वजनांनी तोलून धरली आणि ती वजने विहिरीसारख्या हौदांत सोडली. जलाशयाचे पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत चढले की ते आपसूक त्या हौदात शिरावे, तेथील वजनाचा तोल बदलावा आणि दारे उघडावी. पूर ओसरला की हौदातील पाणी निघून जावे आणि दारे पूर्ववत मिटावी. आमच्या आडांवर ओकती असते, एका टोकाला दगड आणि दुसऱ्या टोकाला पोहरा. तोलाचे तत्त्व तेच. १९०३ साली ही दारे खडकवासल्यावर बसली. भिंत न वाढवता जुन्या सांडव्याच्या वर सुमारे आठ फूट पाणी साठवता येऊ लागले. न वाफ, न वीज, न हुकूम. पूर जितका मोठा तितकी दारांना उघडण्याची निकड अधिक, आणि तीच निकड त्यांना उघडणारी. विश्वेश्वरय्यांनी या रचनेचे पेटंट घेतले. मात्र सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामाबद्दल सरकारकडून स्वामित्वधन घेणे त्यांनी नाकारले.

पुढे हीच रचना ग्वाल्हेरजवळच्या तिगरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर बसवण्यात आली. ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींना तिगऱ्याचे नाव परिचित आहेच. या तिगऱ्याच्या इतिहासात एक दुःखद पान आहे. १९१७ साली ते धरण फुटले. पाणी पायाखालच्या वालुकाश्मात झिरपत गेले आणि भिंतीने जागा सोडली. पुढे ते पुन्हा बांधण्यात आले. दार कितीही शहाणे असले तरी ते पाण्याची उंची तेवढी जाणते; पायाखाली काय चालले आहे ते त्याला कळत नाही. त्यासाठी झिरपणारे पाणी रोज मोजणारा, ते गढूळ येते की स्वच्छ हे पाहणारा कोणीतरी लागतो.

आजच्या काळातील एक घटना येथे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. तुंगभद्रेच्या धरणाला तेहतीस दारे आहेत. ती आपोआप उघडणारी नाहीत, साखळ्यांनी उचलावयाची आहेत. २०२४ सालच्या १० ऑगस्टच्या रात्री एकोणिसाव्या दाराची साखळी तुटली आणि दार वाहून गेले. धरण भरलेले होते. पाणी अडवण्यासाठी दुसरी सोय नव्हती. दाबाचा तोल राखण्यासाठी इतर दारेही उघडावी लागली आणि रब्बीच्या आशेचे पाणी नदीतून निघून जाऊ लागले. त्या वेळी वाहत्या पाण्यात पोलादी अडसर उतरवण्याची युक्ती कोणी सांगितली? धरणाच्या दारांचे काम आयुष्यभर केलेल्या एका वयोवृद्ध, निवृत्त तज्ज्ञाने, जे आमच्याच हैदराबादेतून तेथे गेले. आठवड्याच्या आत कामगारांनी त्या फटीत एकावर एक अडसर बसवले आणि पाणी थांबले. ही हकीकत ऐकून आम्हांस आनंद झाला तशी चिंताही वाटली. जे ज्ञान त्या एका वृद्ध माणसापाशी होते, ते ज्यांच्यापाशी असावयास हवे असे तरुण किती होते? आज देशातील पाणीपुरवठ्याच्या अनेक कचेऱ्यांत जुनी माणसे निवृत्त होत आहेत, त्यांच्या जागा दीर्घकाळ रिकाम्या राहतात किंवा कंत्राटाने भरल्या जातात. कोणत्या गल्लीत कोणता नळ किती खोल आहे, कोणती चावी किती फेरे फिरवली म्हणजे वरच्या आळीला पाणी चढते, हे कित्येक शहरांत अद्याप नकाशावर नाही, चावीवाल्याच्या डोक्यात आहे. तो गेला की ते ज्ञानही गेले. आता पाण्याची पातळी, दाब आणि प्रवाह मोजणारी यंत्रे बसतात, त्यांचे आकडे तारेने वा बिनतारी मार्गाने एका खोलीत येतात, आणि तेथील पडद्यावर सारे शहर दिसते. या व्यवस्थेस स्काडा म्हणतात. ती फार उपयोगी आहे. पण पडद्यावरचा आकडा खोटा आहे हे ओळखण्यासाठी खरा आकडा कसा असतो हे माहीत असलेला माणूस त्या खोलीत बसलेला असावा लागतो.

असो. विश्वेश्वरय्यांच्या चरित्राचा धागा पुन्हा हाती घेऊ. मुंबई सरकारच्या नोकरीत त्यांची बढती भराभर झाली, धारवाड, विजापूर येथील पाणी योजनांपासून एडनपर्यंत त्यांचा सल्ला घेतला गेला. तरी मुख्य अभियंत्याचे पद हिंदी माणसास मिळणे त्या काळी दुरापास्त होते. १९०८ साली त्यांनी आपण होऊन निवृत्ती पत्करली आणि ते परदेश प्रवासास निघाले.

त्याच वर्षी २८ सप्टेंबर रोजी हैदराबादेवर काळाने घाला घातला. मुसी नदीच्या खोऱ्यात अतोनात पाऊस झाला. या खोऱ्यात जुन्या काळापासून बांधलेले लहानमोठे तलाव आठशेच्या आसपास होते. त्यांपैकी दोनशेहून अधिक एकापाठोपाठ फुटले. वरचा फुटला की त्याचे पाणी खालच्यावर, खालचा फुटला की त्याहून खालच्यावर. पहाटे शहर झोपेत असता नदी काठ सोडून वस्तीत शिरली. अफझलगंजचा पूल वाहून गेला. सुमारे पंधरा हजार माणसे दगावली असे सांगतात. दवाखान्याच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशे लोक वाचले. ते झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आजही दाखवले जाते. त्या तलावांच्या बांधावर त्या रात्री पहारा होता काय? असेलही. पण एका तलावाच्या पहारेकऱ्यास दुसऱ्या तलावाची वार्ता कळण्याचे साधन नव्हते, आणि शहरास सावध करण्याचे तर मुळीच नव्हते. तलावांची संख्या मोठी, पण त्यांचा मिळून एक विचार करणारे कोणी नाही, असा तो प्रकार होता.

निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले आणि १९०९ च्या वसंतात ते येथे दाखल झाले. त्यांनी पावसाचे आकडे मिळवले, खोरे मोजले, फुटलेल्या तलावांची गणती केली, आणि उपाय सांगितला तो असा : शहराच्या वर मुसीवर एक आणि तिची उपनदी इसी हिच्यावर एक असे दोन मोठे जलाशय बांधावे, मोठा पूर आला की त्याचा लोंढा तेथे अडवावा आणि शहरास झेपेल तेवढेच पाणी हळूहळू सोडावे. शहरासाठी भुयारी गटारांची योजनाही त्यांनी सुचवली. ते स्वतः वर्षअखेर म्हैसूरला गेले. जलाशयांचे काम पुढे इतरांनी पुरे केले. मुसीवरचा उस्मानसागर १९२० साली आणि इसीवरचा हिमायतसागर १९२७ साली पूर्ण झाला.

या दोन जलाशयांत एक पेच आहे, आणि तो विद्यार्थ्यांनी नीट समजून घेण्यासारखा आहे. पूर अडवावयाचा तर जलाशयात जागा रिकामी पाहिजे. पिण्यासाठी पाणी हवे तर जलाशय भरलेला पाहिजे. पावसाळ्याच्या शेवटी, भाद्रपद-आश्विनात, धरण जवळजवळ भरलेले असते आणि परतीचा पाऊस यावयाचा असतो. अशा वेळी पाणी सोडावे तर उन्हाळ्यात शहर तहानेले राहण्याची भीती; न सोडावे तर पुराची. २०२० सालच्या ऑक्टोबरात हैदराबादेत विलक्षण पाऊस झाला तेव्हा हिमायतसागराची दारे रात्री उघडावी लागली, आणि मुसीच्या काठच्या वस्त्यांतून लोकांना हलवावे लागले. दारे यंत्राने उघडतात, पातळी यंत्र मोजते, पावसाचा अंदाज यंत्र वर्तवते. परंतु किती वाजता, किती फूट, आणि त्यापूर्वी खालच्या वस्तीत जाऊन दारोदार कोणी सांगावयाचे, हे ठरवणारी आणि करणारी माणसेच असतात. खडकवासल्याच्या दारांना खाली कोण राहते याचा विचार करावयाचा नव्हता. भिंत वाचवणे एवढेच त्यांचे काम. शहराच्या अंगाशी आलेल्या धरणाचे काम त्याहून अवघड आहे.

भुयारी गटारांचा उल्लेख आलाच आहे, तर त्याविषयीही दोन शब्द. गटारे बांधली की ती साफ करावी लागतात, आणि हे काम आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या विशिष्ट जातींच्या माथी मारले. विषारी वायूने गुदमरून त्यांत किती जीव गेले! २०१३ साली कायद्याने हे काम माणसाच्या हातून करून घेण्यास मनाई झाली. हैदराबादच्या पाणी मंडळाने २०१७ साली अरुंद गल्लीतही शिरू शकतील अशी लहान यंत्रे गटारे साफ करण्यासाठी आणली, आणि ती चालवण्याच्या कामात पूर्वी गटारात उतरणाऱ्या कुटुंबांतील लोकांना स्थान देण्यात आले. यंत्र आले की माणसाची भाकर जाते, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो, आणि ती पुष्कळदा खरीही असते. पण काही कामे अशी आहेत की ती माणसाच्या हातून जितक्या लवकर जातील तितके बरे. प्रश्न उरतो तो एवढाच की, यंत्राची चावी कोणाच्या हाती द्यावयाची.

म्हैसूरचे मुख्य अभियंता या नात्याने विश्वेश्वरय्यांनी कावेरीवर कृष्णराजसागराचे काम हाती घेतले. १९११ साली त्याचा आरंभ झाला. येथे दृश्य अगदी वेगळे होते. ज्या पुरुषाने माणसावाचून उघडणारी दारे शोधली, त्याच्याच धरणावर सुमारे दहा हजार माणसे राबत होती. गवंडी, पाथरवट, चुना आणि विटांची भुकटी मळणारे, डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या बायका! सिमेंट परदेशातून आणणे महाग, म्हणून सुरखी-चुन्याचाच वापर झाला. त्यामुळे खर्च वाचला आणि पैसा देशी माणसांच्या हाती गेला. पावसाळ्यापूर्वी भिंत ठराविक उंचीपर्यंत नेणे अवश्य होते, म्हणून रात्री दिव्यांच्या उजेडातही काम चाले. हिवतापाने मजूर आजारी पडत. या हजारोंपैकी एकाचेही नाव आम्हांस ठाऊक नाही. धरण मात्र विश्वेश्वरय्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांच्या थोरवीला यामुळे उणेपणा येत नाही, तरी चरित्र लिहिताना ही गोष्ट नोंदवणे आम्हांस उचित वाटते.

१९१२ ते १९१८ पर्यंत ते म्हैसूरचे दिवाण होते. त्या काळातील शिक्षण, उद्योग, पेढ्या यांविषयी स्वतंत्र लेखच लिहावा लागेल. आमच्या विषयाशी संबंध आहे तो एवढा की, १९१७ साली बंगळुरात अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, आणि केवळ मोठ्या इंजिनियरांवर त्यांचे समाधान झाले नाही. फिटर, सुतार, तारतंत्री, यंत्र दुरुस्त करणारा कारागीर यांच्याशिवाय कारखाना किंवा जलकेंद्र चालत नाही हे ते जाणत होते. पुढे भद्रावतीच्या लोखंडाच्या कारखान्याचा कारभार त्यांनी सांभाळला. त्याबद्दल मिळावयाची रक्कम स्वतः न घेता तिच्यातून असे कारागीर तयार करणारी संस्था काढावी असे त्यांनी सुचवले, आणि संस्थेस आपले नाव न देता महाराजांचे नाव दिले. बंगळूरची श्री जयचामराजेंद्र व्यवसाय संस्था ती हीच. यंत्रांच्या प्रश्नावर त्यांचे आणि महात्माजींचे मतभेद होते. दोघांत त्याविषयी पत्रव्यवहार झाला आणि परस्परांविषयी आदर राखूनही दोघे आपापल्या मतांवर कायम राहिले. विश्वेश्वरय्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, यंत्रावाचून देशाचे दारिद्र्य हटणार नाही. महात्माजींना भय होते ते यंत्राने रिकाम्या केलेल्या हातांचे. कोणाचे म्हणणे खरे ठरले हे आम्ही सांगू जाणार नाही. पण दोघांपैकी एकाचेच वाचून थांबू नये, एवढे विद्यार्थ्यांस सुचवावेसे वाटते.

१९५५ साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला आणि १९६० साली त्यांच्या शताब्दीचा समारंभ झाला. स्वतःची शताब्दी पाहण्याचे भाग्य फार थोड्यांना लाभते. परंतु दीर्घायुष्याला दुसरी बाजूही असते.

१९६१ सालच्या जुलैत खडकवासल्याच्या वर पानशेत येथे बांधून पुरे होत आलेले मातीचे धरण खचू लागले. रात्रभर लष्कराच्या जवानांनी भर पावसात वाळूची पोती रचून ते तगवून धरण्याची शिकस्त केली. १२ जुलैच्या सकाळी ते फुटले. तो लोंढा खडकवासल्यावर आला. ज्या जलाशयावर विश्वेश्वरय्यांची दारे बसली होती, त्याची जुनी दगडी भिंतही त्यापुढे टिकली नाही. पुणे शहराचा नदीकाठचा भाग, जुनी घरे, पूल, ग्रंथसंग्रह, शेकडो संसार पाण्याखाली गेले. मुठेच्या पुरासाठी तोललेली दारे वरून येणाऱ्या अख्ख्या एका धरणासाठी तोललेली नव्हती. जवानांच्या पोत्यांनी धरण वाचले नाही. पण ते रात्री न फुटता उजाडल्यावर फुटले, आणि हजारो पुणेकरांना पळण्यापुरता दिवसाचा उजेड मिळाला.

विश्वेश्वरय्या त्या वेळी हयात होते, बंगळुरात होते, वयाने शंभराच्या घरात होते. पुढच्याच वर्षी, १९६२ च्या एप्रिलमध्ये, त्यांचे तेथे निधन झाले. त्यांची समाधी मुद्देनहळ्ळीला आहे.